मैनेचा पान्हा

"पदर अजून पुढं घे. तोंड दिसतंय तुजं," कुडाच्या पलीकडून शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, आणि राजेश्वरीने सासूच्या हिरव्या नऊवारीचा पदर पार नाकापर्यंत ओढला. नऊवारीची तिला सवय नव्हती. काष्टा एकदा सुटून झाला होता आणि आता दुसऱ्यांदा सुटायच्या बेतात होता. एका हातात चरवी, दुसऱ्या हातात निऱ्या अशा थाटात ती गोठ्यात शिरली.

"आन बोलू नगंस बरं का. तुजा आवाज वाईचा हाय, म्हशीला कळतोय," शालूबाईंची आणखी एक सूचना आली.

मैना गव्हाणीत तोंड घालून उभी होती. राजेश्वरी उकिडवी बसली, चरवी गुडघ्यांत धरली, सासूसारखं "हं मैने, हं" घशातल्या घशात पुटपुटली आणि सडाला हात घातला. मैनेने सावकाश मान वळवली. हिरवं लुगडं पाहिलं, लुगड्यातली बाई पाहिली आणि लाथ झाडली. चरवी भिंतीवर, राजेश्वरी शेणात आणि काष्टा कुठे गेला ते विचारायलाच नको. कुडाच्या पलीकडे शालूबाई पोट धरून हसत होत्या. लुगड्याची ही युक्ती त्यांचीच होती. माहेरी त्यांची चुलती आजारी पडली तेव्हा चुलत्याने तिचं लुगडं नेसून महिनाभर धारा काढल्या होत्या म्हणे.

पायरीवर बसलेल्या सासूबाई, रंगूबाई, मात्र हसल्या नाहीत. डाव्या हाताने उजवा हात मांडीवर दाबून धरत त्या म्हणाल्या, "तिला लुगडं नगं, मी पायजे." वाक्याच्या सुरुवातीला जरा तोरा होता. वाक्य संपेपर्यंत तो उरला नव्हता.

रहिमतपूरच्या अलीकडच्या त्या गावात रंगूबाईंच्या हाताला नाव होतं. कुणाच्या म्हशीने पान्हा चोरला की माणूस यांच्या दारात. मग रंगूबाई पदर खोचून निघायच्या, त्या परक्या म्हशीशेजारी बसायच्या, तिच्याशी सुखदुःखाचं बोलायच्या आणि भरली चरवी घेऊनच उठायच्या. बदल्यात कपभर चहा. नवरा लालासाहेब फौजेत, पुढे मुलगा शिवतेजही फौजेत. घरात बोलायला माणूस नव्हतं तेव्हापासून त्यांना म्हशींशी बोलायची सवय. ऊस मोठ्या दिराच्या देखरेखीखाली होता, पण गोठा मात्र सगळा त्यांचा. तिथे त्या म्हणतील ती पूर्व दिशा.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या हातातली कपबशी वाजायला लागली. आधी थंडीवर ढकललं, मग वयावर. शेवटी साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात आहे. गोळ्या दिल्या, मिश्री सोडा म्हणाले आणि हाताला जोराची कामं नकोत असंही म्हणाले. रंगूबाईंनी गोळ्या घेतल्या. बाकीच्या दोन गोष्टी त्यांनी ऐकल्याच नाहीत.

पण हातच ऐकेना, तिथे त्या तरी काय करणार! थरथरत्या बोटांत सड नीट धरला जात नव्हता. धार मध्येच तुटायची, निम्मं दूध कासेतच राहायचं. कास सुजायला लागली होती. दुसरी एखादी म्हैस असती तर सुनेने पिळली असती. मैनेचं तसं नव्हतं. तिचं रेडकू जन्मल्यावर आठवड्याच्या आतच गेलं. मैनेने पान्हा वर चढवला तो उतरेचना. लोक म्हणाले, इंजेक्शन टोचा, हल्ली सगळे टोचतात. रंगूबाई म्हणाल्या, लेकरू गेलेल्या बाईला कुणी सुया टोचतं का? त्या गोठ्यातच मुक्कामाला गेल्या. आंबोण आपल्या हाताने भरवलं, अंग चोळलं, नको तितकं बोलल्या आणि एका पहाटे मैनेने कास सोडली. तेव्हापासून रंगूबाई हेच तिचं रेडकू. दुसरा हात लागला की लाथ.

शिवतेजचा फोन त्याच संध्याकाळी आला. शेणाची हकीकत ऐकून तो आधी हसला, मग गंभीर झाला. "आई, ईक ती म्हस. तुझ्या हातानं आता हुईत न्हाई."

"ईकू? दुसऱ्याच्या हाताला न लागनारी म्हस कोन पोसंल रं? आज ह्या बाजारात, उद्या त्या बाजारात, आन शेवटी कुठं जाती ते तुला ठावं न्हाई व्हय?"

 मग शिवतेज म्हणाला, "बरं. सुट्टीवर येतो तवर तिला राजेश्वरीच्या हाताला लाव. न्हाई लागली तर मी ऐकनार न्हाई. तुझा हात पार जाईल त्या म्हशीपायी."

आता यात चूक कुणाची म्हणायची? मुलगा आईसाठी बोलत होता आणि आई म्हशीसाठी. फोन ठेवून रंगूबाई बराच वेळ गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या. राजेश्वरीला लग्न झाल्यापासून त्यांचा धाक वाटत आला होता. त्या घाबरूही शकतात हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

राजेश्वरी वाईची. वडिलांचं घाटाजवळ भांड्यांचं दुकान, त्यामुळे चरवी तिने जन्मापासून पाहिलेली, फक्त रिकामी. तिचं डी.एड. झालं होतं. नोकरी लागण्याआधी लग्न लागलं आणि मग क्रांती झाली. लेकीचं नाव फौजी बापाने ठेवलेलं. म्हशीची तिला भीती होती आणि ते ती मान्यही करायची.

"आत्या, मला नाही जमायचं हो," तिने दुसऱ्या दिवशी सासूला सांगून टाकलं. "ती मुद्दाम करते. माझ्यावर खार खाऊन आहे."

रंगूबाई काही बोलणार तोवर आत पाळण्यात क्रांती रडली. राजेश्वरी उठली आणि एकदम पदर सावरू लागली. रंगूबाईंनी ते पाहिलं.

"आला का पान्हा?"

"अहो आत्या!" राजेश्वरी लाजली.

"लाजतीस काय? पोरगी आजून पाळन्यात हाय, तू हितं हायस. तिनं तोंड लावलं न्हाई, नुसती रडली. मंग दूध कुनी बलावलं?"

राजेश्वरीला आठवलं. मागे वाईच्या एस. टी. स्टँडवर भलत्याच बाईचं बाळ रडलं तेव्हाही तिच्या ब्लाऊजवर ओल आली होती. तिला तेव्हा स्वतःचाच राग आला होता.

"तू मुद्दाम करतीस व्हय?" रंगूबाई म्हणाल्या. "न्हाई ना? मंग तीबी मुद्दाम करत न्हाई. तिला खून पटली की आपोआप उतरतंय, न्हाई पटली तर तिनं ठरवूनबी उतरत न्हाई. तिच्यावर रागवू नगंस. जा, पोरीला घे."

त्या दिवसापासून राजेश्वरीची मैनेबद्दलची तक्रार बंद झाली. राहिला प्रश्न खुणेचा. रंगूबाई शेजारी असल्या की मैना नाखुशीने का होईना, राजेश्वरीला थोडंफार दूध द्यायची. त्या आत गेल्या की बंद. म्हणजे त्यांच्यापाशी असं काहीतरी होतं, जे राजेश्वरीपाशी नव्हतं. पण काय, ते खुद्द रंगूबाईंनाच सांगता येईना. आवाज म्हणावा, तर त्यांनी भिंतीआडून हाका मारून पाहिल्या. मैनेने कान टवकारले, कास ढिली सोडली नाही. आंबोण म्हणावं, तर राजेश्वरीने तेच आंबोण त्याच पाटीतून दिलं. मैनेने खाल्लं आणि लाथ मारली. शालूबाई तर म्हणाल्या, कुनाची नजर लागली, मिरच्या ओवाळ. मिरच्याही ओवाळून झाल्या. सगळ्या घराला ठसका लागला, म्हैस होती तशीच.

एका दुपारी उन्हं कलताना राजेश्वरी गोठ्यात शेण भरत होती. धारेला अजून अवकाश होता. मैना डोळे मिटून रवंथ करत होती. अचानक तिने शेपूट हलवली, मागचे पाय जरा फाकवले आणि राजेश्वरीच्या डोळ्यांदेखत सडांतून दुधाचे थेंब खालच्या दगडावर टपटपू लागले.

राजेश्वरी हातातलं शेण तसंच धरून उभी राहिली. गोठ्यात दुसरं कुणी नव्हतं. आंबोण नव्हतं. हाक नव्हती. ती पाठीमागच्या बाजूने धावत गेली. भिंतीपलीकडे, गोठ्यातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात, रंगूबाई गुपचूप बसून तर्जनीने दातांना मिश्री लावत होत्या. सुनेला पाहून त्या दचकल्या. डॉक्टरांना कळलं तर, असा काहीसा भाव चेहऱ्यावर.

"आत्या, लावा! लावा अजून!" राजेश्वरी ओरडली.

मिश्री सोडा असं आयुष्यभर ऐकलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल! पण राजेश्वरीने त्यांना ओढतच गोठ्यात नेलं आणि दगडावरचं दूध दाखवलं. रंगूबाई नवी नवरी होत्या तेव्हापासून मिश्री लावायच्या. पहाटे एकदा, दुपार कलल्यावर एकदा, आणि दोन्ही वेळा तोंड धुऊन उठलं की थेट धारेला. भाजक्या तंबाखूचा तो उग्र वास आला की पाठोपाठ हात, आंबोण, माया. मैनेने माया त्या वासाला बांधून टाकली होती. आणि शालूबाईंच्या शब्दावर सासूचं लुगडं नेसताना राजेश्वरीने काय केलं होतं? साबणात घालून, दोनदा खळबळून, कडक उन्हात वाळवून, तेव्हा कुठे अंगाला लावलं होतं.

"आम्हाला डी.एड.ला होतं हे," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "एका शास्त्रज्ञाचा कुत्रा होता. घंटा वाजली की खाणं, घंटा वाजली की खाणं. मग नुसती घंटा वाजली तरी त्याला लाळ सुटायची. मी परीक्षेत लिहिलं पण होतं, आकृतीसकट!"

"मंग आदी का न्हाई सांगितलंस?"

"ते कुत्र्याचं होतं ना आत्या. म्हैस कुठे होती त्यात?"

त्या संध्याकाळी राजेश्वरीने आयुष्यात पहिल्यांदा मिश्री लावली. तिला गरगरलं, ढवळलं, डोळ्यांतून पाणी आलं. पण मैनेने तिच्याकडे वळून पाहिलं, नाक फेंदारलं आणि कास सोडून दिली. चरवीत धारेचा आवाज सुरू झाला तेव्हा रंगूबाई दारातूनच म्हणाल्या, "काडत ऱ्हा, थांबू नगंस." धार संपली तशी सून उकिरड्याकडे पळाली आणि दुपारचं जेवण बाहेर पडलं.

इथेच ही गोष्ट संपली असती. शालूबाईंनी तर संपवलीच. त्या म्हणाल्या, "सवय हुईल, लावत जा. आमी न्हाई का लावत?" पण रंगूबाईंनी साफ नकार दिला. "पाजती बाई हाय ती. पोरीच्या दुदात तंबाखू जाईल. म्हस जगवायला नात बिगडवू व्हय मी?" मग त्या मैनेकडे वळल्या. "हिला दुसरी खून शिकवायची. मिश्रीची शिकली, तर आनि एक शिकंल."

खूण राजेश्वरीने निवडली. चरवीच्या बुडावर बोटाच्या पेराने टकटक. रंगूबाईंनी मिश्रीत घोळवलेली चिंधी खुंट्याला बांधली आणि म्हणाल्या, आता वाजव. राजेश्वरी रोज वाजवायची, मैना रोज दूध द्यायची. चिंधी काढली की काही नाही. असे बरेच दिवस फुकट गेले. शिवतेजची सुट्टी जवळ येत चालली. मग एकदा भाकरी थापता थापता राजेश्वरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "आत्या, आपलं उलटं होतंय! घंटा आधी होती, खाणं मागून. आपण वास आधी देतो आणि टकटक मागून. तिला वासाने सगळं कळलेलंच असतं, मग टकटक कशाला ऐकेल ती?"

"कुत्र्याच्या पुस्तकातलं म्हशीला चालतंय व्हय?"

"चालतंय. माझ्यावर भरोसा ठेवा."

रंगूबाईंनी ठेवला. सुनेच्या शब्दावर त्यांनी स्वतःच्या गोठ्यातली रीत बदलली, हे गावात कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. आधी टकटक, मग जरा थांबून चिंधी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चिंधीवरची मिश्री रोज थोडी कमी. राजेश्वरी कधी कंटाळायची, कधी चिडायची. रंगूबाई कधीच नाही. म्हैस चुकली की म्हणायच्या, "आज तिचा दीस न्हाई," आणि उठायच्या. मैना दुसऱ्या वेळेला जरा कमी चुकायची.

मग एक अडचण लक्षात आली, आणि ती रंगूबाईंच्याच लक्षात आली. त्यांनी कुठेही, कधीही मिश्री लावली की मैना दगडावर दूध गाळायची. शालूबाईंच्या घरी जाऊन लावली तरी परत येताना बोटांना, पदराला वास असायचाच. जुनी खूण अशी मध्येमध्ये भेटत राहिली तर म्हैस नवी कशाला धरेल? त्यांनी हा विचार रात्रभर केला असावा. सकाळी राजेश्वरी उठली तेव्हा कोनाड्यातली डबी घासून पालथी घातलेली होती.

लालासाहेबांनी हयातभर शपथा घालून, डॉक्टरांनी भीती घालून जी सुटली नव्हती, ती मिश्री एका म्हशीसाठी सुटली. सुटली म्हणणं सोपं आहे. पहाट झाली की रंगूबाईंचा हात आपोआप कोनाड्यात जायचा, रिकामा परत यायचा आणि बोट दातांवरून नुसतंच फिरायचं. डोकं ठणकायचं. त्या शालूबाईंवर ओरडल्या, दुधाच्या गाडीवाल्यावर ओरडल्या, एकदा पाळण्यातल्या क्रांतीवरही ओरडल्या आणि मग तिला कडेवर घेऊन तासभर अंगणात फिरत राहिल्या. "म्हस आन मी एका वर्गात हाय गं," त्या राजेश्वरीला म्हणाल्या. "बगू कोन आदी पास हुतंय."

आणखी एक गोष्ट होती. वास नसताना नुसती रंगूबाईंची चाहूल लागली की मैना त्यांच्याच हाताची वाट बघायची आणि दुसऱ्या हाताला दूध देताना मध्येच आखडायची. हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. धारेची वेळ झाली की त्या स्वतःच उठायच्या, चपला घालायच्या आणि शालूबाईंच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. ज्या वेळेला आयुष्यभर त्या गोठ्यात असायच्या, नेमक्या त्याच वेळेला रोज दोनदा घराबाहेर. पहिले काही दिवस मैना दावं ताणून रेकायची. तो आवाज कुडापलीकडे स्पष्ट जायचा. रंगूबाई उठायच्या नाहीत. शालूबाईंनीच एकदा राजेश्वरीला हळूच सांगितलं, "तू धार काडतीस ना, तवा हितं हिच्या दोनी मुठी मांडीवर उगडझाप करत्यात. एक वर, एक खाली. थरथर येगळी आन हे येगळं. तिचं तिला म्हाईतबी नसतंय." ते ऐकून राजेश्वरी चुलीपुढे जाऊन बसली आणि रडली. या बाईला आपण तीन वर्षं नुसतं घाबरत राहिलो, याचं तिला वाईट वाटलं.

शिवतेज आला तेव्हा चिंधी निघून थोडेच दिवस झाले होते. मैना टकटक ऐकून दूध देत होती, कधी पटकन, कधी वाट पाहायला लावून. शिवतेजने आईचा हात हातात घेतला, थरथर पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने वाटेतच एका व्यापाऱ्याला निरोप दिला होता. "संध्याकाळी येतोय त्यो. राजेश्वरीच्या हाताला लागली आसंल तर त्याच्यासमोर दाखवा. देईल तर ऱ्हाऊ दे. न्हाई दिली तर आजच जाईल. आई, रडायचं न्हाई."

"मी कुठं रडतीया?" रंगूबाई म्हणाल्या. वेळ झाली तशा त्या चपला घालून शालूबाईंकडे गेल्या. जाताना मैनेकडे त्यांनी पाहिलं नाही.

व्यापारी आला तो एकटा नाही, टेम्पोवाल्याला घेऊन. दोघे गोठ्याच्या दारात उभे राहिले. व्यापाऱ्याने मैनेचं शिंग धरून तोंड वर केलं, दात पाहिले, कासेला हात लावला. मैना बुजली. अंगावरची कातडी थरारली, कान मागे गेले. राजेश्वरी बसली. तिने चरवीच्या बुडावर टकटक केली.

काही नाही.

पुन्हा टकटक. सड सुकेच. व्यापारी शिवतेजकडे पाहून हसला. "अशा लय बगितल्या दाजी, अंगच चोरत्यात."

 राजेश्वरीला वाटलं, कुडापलीकडे सासूला कळलंच असेल. शालूबाईंच्या कोनाड्यात डबी आहे. एक चिमूट. त्यांनी एक चिमूट लावून भिंतीपर्यंत यावं, बास. ती कान देऊन पावलांची वाट पाहत राहिली. पावलं आली नाहीत.

तेवढ्यात घरात क्रांती उठली आणि टाहो फोडला. व्हायचं तेच झालं. दोन परक्या बाप्यांसमोर राजेश्वरीचा ब्लाऊज ओला झाला. लाजेने तिला रडू फुटायच्या बेतात होतं. पण कुणास ठाऊक कसं, तिला हसूच आलं. इकडे म्हैस देईना आणि तिकडे आपण मागायच्या आत देऊन बसलो! "अहो, पोरीला घ्या जरा," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि ह्यांना घेऊन दारातून बाजूला व्हा. म्हशीला उजेड येऊ दे." शिवतेज आत पळाला. व्यापारीही मान दुसरीकडे करून अंगणात सरकला.

राजेश्वरीने कपाळ मैनेच्या कुशीला टेकवलं. घाई कसलीच केली नाही. म्हशीचा श्वास ऐकत ती बसली. कातडीची थरथर थांबली, कान पुढे आले, रवंथ सुरू झाला. मग तिने पुन्हा चरवीवर बोट वाजवलं, टकटक, आणि थांबली. हाताखाली कास सैल पडत गेली. पहिली धार चरवीच्या बुडावर वाजली, मग दुसरी, मग आवाज बदलत बदलत फेसाचा झाला. अंगणात क्रांतीला खांद्यावर घेऊन उभा असलेला शिवतेज तो आवाज ऐकत होता. व्यापाऱ्याने टेम्पोवाल्याला खूण केली. "ठिवा दाजी. घरची म्हस हाय," असं म्हणून तो गेला.

राजेश्वरी चरवी घेऊन तशीच शालूबाईंच्या ओट्याकडे धावली. रंगूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. उजवी मूठ घट्ट मिटलेली, डाव्या हाताने ती दाबून धरलेली.

"दिली?"

"दिली आत्या! भरून दिली."

रंगूबाईंनी चरवीत पाहिलं.  शालूबाई मात्र भरून आल्यासारख्या बोलत सुटल्या, "ह्या बाईला किती सांगितलं गं! म्हस अडली ते हितं कळत हुतं. म्हनलं, माजी डबी घे, चिमूटभर लाव आन जा. टेम्पो बगितला तवा घेतली चिमूट. घेतली आन मूठ मिटून बसली ती बसलीच. ना लावली, ना टाकली."

"आत्या," राजेश्वरी म्हणाली, "मी वाट बघत होते तुमची. का नाही आलात?"

"लय वाटलं यावं," रंगूबाई म्हणाल्या.  "पर मी आले आसते तर ती माजीच ऱ्हायली आसती. आन मी किती दीस पुरनार?"

त्यांनी मूठ उघडली. घामाने भिजलेली मिश्री तळहाताच्या रेषारेषांत काळी बसली होती. राजेश्वरीने चरवी खाली ठेवली, रांजणातलं पाणी आणलं आणि तो थरथरता हात स्वतःच्या हातात धरून धुतला. वास जाईपर्यंत धुतला.

दोघी घरी आल्या. रंगूबाई सरळ गोठ्यात गेल्या, सून मागे उभी राहिली. एरवी त्यांचं पाऊल अंगणात वाजलं की मैना दावं ताणायची, रेकून घर डोक्यावर घ्यायची. आता ती वैरण खात होती. रंगूबाई तिच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मैने." मैनेने एक कान हलवला, डोळे वर करून पाहिलं आणि तोंड परत वैरणीत घातलं.  

रंगूबाईंनी बाजूला सांडलेली वैरण दोन्ही हातांनी गोळा करून मैनेच्या तोंडाशी सारली. थोडी पुन्हा सांडली, तीही गोळा केली. "खा," त्या म्हणाल्या आणि बाहेर आल्या. या वेळेला घरात कुठे बसायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. जरा वेळ त्या अंगणाच्या मध्येच उभ्या राहिल्या. मग पायरीवर बसल्या, पदर नीट केला आणि आत हाक मारली.

"राजी, दूध गाळून घे. आन चहा ठिव. मलाबी दे."